फ्रेंचचे पाढे पाठ आहेत, पण बोलताना शब्द फुटत नाही

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी ४२ वर्षांची, कोल्हापुरात एका शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. माझ्या मिस्टरांची बदली फ्रान्सला, ग्रनोब्लला झाली आहे. चार महिन्यांनी मी आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगाही तिकडे जाणार. त्यासाठी दोन महिन्यांपूर्वी ऑनलाइन फ्रेंचचा वर्ग लावला. वर्तमानकाळाच्या ८० क्रियापदांचा एक तक्ता मिळाला, तो स्वयंपाकघरात चिकटवून रोज पहाटे पाठ केला. आज कोणतंही क्रियापद विचारा, सहाच्या सहा रूपं लिहून देते. लेखी चाचणीत २० पैकी १९ मिळाले. पण बाईंनी वर्गात साधं 'तुमचं वय काय?' विचारलं आणि मी गप्प झाले. मनात आधी मराठी, मग इंग्रजी, मग फ्रेंच असं चालतं, तोवर बाई पुढे गेलेल्या असतात. शेवटी जे बोलले तेही चुकलं. मुलगा शेजारी बसून ऐकतो आणि पटकन बोलतो. आता त्याच्यासमोर बोलायचंच मी टाळते. या वयात मला हे जमेल का? अजून किती क्रियापदं पाठ करू? आणि पुढच्या आठवड्यापासून भूतकाळ सुरू होतोय. वर्तमानकाळच धड येत नाही, तर त्या वर्गाला जाऊ की नको?

— एक वाचक, कोल्हापूर

प्रिय ताई,

अजून किती क्रियापदं पाठ करू, असं तुम्ही विचारलंत. आता एकही नको. तो तक्ता उद्या सकाळी भिंतीवरून काढा आणि कपाटात जपून ठेवा. लिहिताना तो उपयोगी पडेल. बोलताना मात्र तो तुमच्या आड येतोय, आणि का येतोय ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही गणित शिकवता.

तुमच्या वर्गात असा एक तरी मुलगा असेल, ज्याचा साताचा पाढा खडखडीत पाठ आहे. पण मध्येच 'सात आठे?' विचारलं की तो ओठातल्या ओठात 'सात एके सात, सात दुणे चौदा' अशी सुरुवात करतो. छप्पन्नपर्यंत पोचेस्तोवर बाकीच्यांचं गणित सोडवून झालेलं असतं. त्याला पाढा येत नाही असं तुम्ही म्हणणार नाही. पाढ्याची चाल त्याच्या तोंडात बसली आहे, सुटा आकडा बसलेला नाही. तुमचं फ्रेंच आज नेमकं तिथे आहे. ही अडचण वयाची नाही. पाठांतर कोणत्या बाजूने केलं, त्याची आहे. ५५ आणि ६० वर्षांच्या विद्यार्थ्यांनाही मी यातून बाहेर पडताना पाहिलंय.

त्या मुलाला तुम्ही काय करायला लावता? पाढा उलटसुलट विचारता, सुटे गुणाकार विचारता. आपणही तेच करायचं आहे. फक्त 'सात आठे छप्पन्न'च्या जागी कोणती जोडी ठेवायची, ते आधी पाहू.

पुढे जाण्याआधी उच्चारांचं थोडं. फ्रेंच मी इथे देवनागरीत लिहिते आहे, ते केवळ आधाराला. खरा उच्चार बाईंच्या तोंडून किंवा ध्वनिमुद्रणातून घ्या. मी 'ज' लिहीन तिथे 'श' म्हणता म्हणता गळा घुमवा, 'झ' लिहीन तिथे 'स' म्हणता म्हणता. 'त्यू' म्हणताना जीभ 'ई'ची आणि ओठ 'ऊ'चे ठेवा. अनुस्वार आला की तो नाकातच सोडा, पुढे 'न' किंवा 'म' उमटू देऊ नका. जुन्या पुस्तकांत 'केलें, गेलें, तें' असं छापत, तसा तो स्वर. कोंकणी बोलणाऱ्यांच्या तोंडी असे स्वर आजही असतात, त्यामुळे गोव्याच्या विद्यार्थ्यांना ते सहसा शिकवावे लागत नाहीत.

आता जोडीकडे. तुम्ही ग्रनोब्लला उतरलात की पहिले काही महिने तुमच्याशी कोण बोलेल? शेजारीण, पावाच्या दुकानातली बाई, मुलाची शिक्षिका, डॉक्टर, नगरपालिकेच्या कचेरीतला माणूस. ही सगळी मंडळी तुम्हाला 'वू' म्हणणार, म्हणजे आपलं 'तुम्ही', आणि तुम्ही उत्तर देणार 'ज'ने, म्हणजे 'मी'ने. तक्त्यात मात्र 'मी' पहिल्या ओळीत आणि 'तुम्ही' पाचव्या. ज्या दोन रूपांची बोलताना सतत गाठ पडते, ती कागदावर एकमेकांपासून एवढी लांब बसवलेली. म्हणून उभा तक्ता सोडा आणि प्रश्नोत्तराच्या जोड्या करा. कानावर 'वूझावे' आलं की तोंडातून 'जे' निघालं पाहिजे. 'वूझेत' आलं की 'ज स्वी'. 'वूझाले' आलं की 'ज वे'. 'वू फेत' आलं की 'ज फे'. 'वू प्रने'ला 'ज प्राँ', 'वू पूवे'ला 'ज पो', 'वू वूले'ला 'ज वो', 'वू सावे'ला 'ज से'. या आठ जोड्या तुमच्या सात आठे छप्पन्न. यात जवळ अस, अस, जा, कर, घे, शक, इच्छ आणि जाण या धातूंची कामं आली, आणि एवढ्यावर पहिला महिना निभतो.

ही आठ मी मनाने निवडलेली नाहीत. १९५० च्या दशकात जॉर्ज गूगेनहाइम या भाषाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साध्या माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित करून कोणते शब्द किती वेळा येतात ते मोजलं होतं. परदेशी विद्यार्थ्यांना आधी काय शिकवायचं हे ठरवण्यासाठी ती खटपट होती. क्रियापदांत सगळ्यात वर निघाली 'एत्र' (असणे, ज्याचं 'ज स्वी') आणि 'आव्वार' (जवळ असणे, ज्याचं 'जे'), आणि ही बाकीची सगळी त्यांच्या मागोमाग. तुमच्या ८० पैकी बरीच महिन्यातून एकदाही तोंडी येणार नाहीत, आणि ही आठ चहा होईपर्यंत दहादा येतील.

यातली रूपं वेडीवाकडी का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रियापदंच सगळ्यात अनियमित असतात, आणि त्याचं कारण तोच वापर आहे. रोज कोट्यवधी तोंडांतून जाणारं जुनं रूप विसरलं जात नाही, म्हणून ते सरळ केलं जात नाही. मराठीत 'कर'चं 'केलं' होतं आणि 'जा'चं 'गेलं', ते आपल्याला कुठे खटकतं? शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आणखी एक गंमत पाहा. 'सः अस्ति, ते सन्ति' आणि फ्रेंच 'ईल ए, ईल सों' ही एकाच घराण्यातली रूपं आहेत. फ्रेंच लिहिताना त्या 'ए'मध्ये 'स' आणि 'त' अजून लिहितात, फक्त उच्चारत नाहीत.

इथेच तुमच्या तक्त्याची दुसरी अडचण येते. तो डोळ्यांनी शिकवतो. फ्रेंच क्रियापद कागदावर एक आणि कानाला दुसरं असतं. 'पार्ले' म्हणजे बोलणे. (विलेपार्ल्यातलं 'पार्ले' आठवा, उच्चार पक्का राहील.) कागदावर त्याची सहा रूपं दिसतात, शेवटची अक्षरं बदलत जातात. पण मी, तू, तो, ती आणि ते या सगळ्यांना ऐकू येतं ते एकच: 'पार्ल'. फक्त 'आम्ही'ला 'पार्लों' आणि 'तुम्ही'ला 'पार्ले'. 'ते बोलतात' लिहिताना शेवटी जी तीन अक्षरं येतात ती पूर्ण मुकी असतात. नवे विद्यार्थी ती वाचून 'पार्लाँ' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला काहीच समजत नाही. ही सवय आत्ताच मोडा, नंतर फार जड जाते. तक्ता मनातल्या मनात 'वाचून' पाठ केला की हा घोळ हमखास होतो.

तुम्ही गणिताच्या, म्हणून हिशेब मांडते. फ्रेंचमधली दहांपैकी जवळपास नऊ क्रियापदं या 'पार्ले'च्या कुळातली आहेत: राहणे 'आबिते', काम करणे 'त्रावाये', शोधणे 'शेर्शे', विकत घेणे 'आश्ते', खाणे 'माँजे'. एक 'पार्ल' आणि एक 'पार्ले' ही दोन रूपं कानात बसली की बोलण्यापुरती या कुळातली सगळी जवळपास हातात येतात. राहतं 'आम्ही'चं 'पार्लों'. त्यालाही घाई नाही, कारण रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक 'नू', म्हणजे 'आम्ही', बरेचदा बाजूला ठेवून 'ओं' म्हणतात. हे 'ओं' आपल्या 'आपण'च्या फार जवळचं आहे. 'आपण जाऊ या' म्हणतानाही तेच आणि 'असं आपण करत नाही' या सर्वसाधारण अर्थानेही तेच. त्याला 'तो'चंच रूप लागतं: 'ओं वा', आपण जातोय. 'ओं पार्ल', आपण बोलतोय. 'ओंना', आपल्याजवळ आहे. म्हणजे सहा खणांचा तक्ता तोंडासाठी दोन-तीन खणांचा झाला.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ: 'आधी मराठी, मग इंग्रजी, मग फ्रेंच.' ताई, मधला थांबा काढून टाका. आपल्याकडे फ्रेंच इंग्रजीतून शिकवतात, पुस्तकं इंग्रजीतली असतात. मीही पुण्यात कॉलेजात तशीच शिकले. पहिल्यांदा फ्रान्सला गेले ती डिसेंबरात. ज्यांच्या घरी राहत होते त्या बाईंनी विचारलं, काही हवंय का? मला कडाक्याची थंडी वाजत होती. मी इंग्रजीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवून 'ज स्वी फ्र्वाद' म्हटलं. त्यांच्या कानाला ते 'मी थंड, कोरड्या स्वभावाची बाई आहे' असं गेलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, 'आ, वूझावे फ्र्वा!' आणि उठून शाल आणून दिली. त्या रात्री मी शाल पांघरून विचार करत बसले की मराठीत आपण काय म्हणतो? 'मी थंड आहे' असं कधीच म्हणत नाही. 'मला थंडी वाजते' म्हणतो. मराठीतून विचार केला असता तर मी चुकले नसते.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना 'मी' आणि 'मला'ची खूण देते. मराठी वाक्य 'मी … आहे' असं असेल तर बहुधा 'एत्र' लागतं. मी शिक्षिका आहे, मी दमलेली आहे, मी मराठी आहे, मी घरी आहे: सगळीकडे 'ज स्वी'. आणि मराठीत 'मला' आलं, कसलीतरी जाणीव किंवा कसलंतरी असणं माझ्याकडे येऊन पोचलं, की बहुधा 'आव्वार'. मला भूक लागली, मला तहान लागली, मला थंडी वाजते, मला उकडतंय, मला भीती वाटते, मला झोप येते, मला ताप आहे, मला गरज आहे, मला दोन भाऊ आहेत, मला वेळ आहे: सगळीकडे 'जे'. इंग्रजी यातल्या अर्ध्या ठिकाणी 'मी आहे' म्हणते आणि विद्यार्थी तिथेच पडतात. तुमच्या बाईंनी वय विचारलं, तेव्हाही हेच झालं असणार. इंग्रजीच्या मागे जाऊन तुम्ही 'ज स्वी' म्हणालात, हो ना? आपण 'मी ४२ वर्षांची आहे' म्हणतो खरं, पण 'मला बेचाळीस वर्षं झाली' असंही म्हणतो. फ्रेंचसाठी तो दुसरा धागा धरा. 'जे कारांत-दोझाँ.' जगलेली वर्षं फ्रेंच माणसाच्या गाठीशी असतात, जवळ असतात.

ही खूण सगळीकडे चालत नाही. 'मला आवडतं' म्हणजे 'जेम' आणि 'मला माहीत आहे' म्हणजे 'ज से', त्यांना त्यांची स्वतःची क्रियापदं आहेत. पण सुरुवातीच्या चुकांपैकी मोठा वाटा ती वाचवते.

आणि एकदा इंग्रजीचा थांबा काढला की मराठी किती ठिकाणी थेट फ्रेंचच्या अंगणात उतरते, ते पाहून मला आजही आनंद होतो. 'सा वा?' हे फ्रेंच लोकांचं दिवसातून पन्नास वेळा म्हणायचं वाक्य. शब्दशः 'ते जातं का?' म्हणजे आपलं 'कसं चाललंय?' आणि उत्तर 'सा वा', चाललंय बरं. 'सा म वा' म्हणजे 'मला चालेल'. इंग्रजीतून हे समजावायला अर्धा तास जातो, कोल्हापूरच्या माणसाला एक वाक्य पुरतं. ('आले' म्हणजे जाणे, हे मात्र मराठी कानाला उलटं वाटेल. कोणी 'वूझाले?' म्हटलं की ते जाण्याबद्दल विचारतंय, एवढं लक्षात असू द्या.)

'फेर' म्हणजे करणे. आपण स्वयंपाक करतो, बाजार करतो, साफसफाई करतो. तेही हेच सगळं 'फेर'नेच करतात: 'ज फे ला क्वीझीन', 'ज फे ले कूर्स', 'ज फे ल मेनाज'. दुकानात पैसे देताना आपण विचारतो, 'किती झाले?' ते विचारतात, 'सा फे कोंब्यें?' हवेबद्दल बोलतानाही हेच क्रियापद: 'ईल फे फ्र्वा', थंडी आहे. ग्रनोब्ल आल्प्सच्या कुशीत आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर. हिवाळ्यात हे वाक्य तुम्ही रोज म्हणाल. हवा थंड असली तर 'ईल फे फ्र्वा', आणि थंडी मला वाजत असली तर 'जे फ्र्वा'. हा फरक एकदा बसला की पुन्हा सुटत नाही.

'प्राँद्र' म्हणजे घेणे. 'चहा घेणार का?' असं आपण विचारतो तसंच 'वू प्रने अँ काफे?' औषधही घेतात, बस आणि ट्रामही 'घेतात'. आणि त्यातून फुटलेली दोन क्रियापदं पाहा. 'कोंप्राँद्र' म्हणजे समजून घेणे आणि 'आप्राँद्र' म्हणजे शिकून घेणे. 'घेणे' मराठीतही बसलेलं आहे आणि फ्रेंचमध्येही, त्याच जागी. 'प्राँद्र' आलं की ही दोन्ही फुकटात आली: 'ज प्राँ, ज कोंप्राँ, जाप्राँ'. 'ज न कोंप्राँ पा', मला समजत नाही, हे वाक्य तर विमानात बसण्याआधी पक्कं करा, आणि त्याला जोडून 'वू पूवे रेपेते?', परत सांगता का? या दोन वाक्यांनी मला जितकं फ्रेंच शिकवलं तितकं कोणत्याही पुस्तकाने नाही. गप्प राहिलं की समोरचा माणूस निघून जातो. हे विचारलं की तो थांबतो.

'मला पोहता येतं' आणि 'आज मला पोहायला जमेल' यात आपण जो फरक करतो, तोच 'ज से नाजे' आणि 'ज पो नाजे' यात आहे. शिकून अंगात असलेलं ते 'साव्वार'. परवानगी, सवड, ताकद यांवर अवलंबून असलेलं ते 'पूव्वार'. आणि 'ईल फो' हे तर सरळ आपलं 'पाहिजे' किंवा 'लागतं'. 'ईल फो पार्तीर', निघायला पाहिजे. 'मला पाहिजे, तुला पाहिजे, त्याला पाहिजे' म्हणताना आपला शब्द बदलत नाही. 'फो'ही बदलत नाही. वर्तमानकाळात त्याचं एवढं एकच रूप आहे.

मला वाटतं सर्वांत मोठी सवलत मात्र काळाच्या वापरात आहे. 'मी दोन महिन्यांपासून फ्रेंच शिकते' म्हणताना आपण साधा वर्तमानकाळ वापरतो. फ्रेंचही तोच वापरते: 'जाप्राँ ल फ्राँसे दप्वी दो म्वा.' इंग्रजी इथे वेगळाच काळ आणते आणि विद्यार्थ्यांना विनाकारण फिरवते. 'उद्या निघते' हे भविष्यातलं बोलणंही दोन्हीकडे वर्तमानकाळातच चालतं: 'ज पार दमें.' 'शिकते' आणि 'शिकते आहे' या दोन्हींना फ्रेंचमध्ये एकच 'जाप्राँ' पुरतं. तुम्ही 'जाते' म्हणता, मिस्टर 'जातो' म्हणतात, फ्रेंचमध्ये दोघंही 'ज वे'. इथे बाई-पुरुष भेद क्रियापदात नाहीच.

कानाला एक सावधगिरी लागते, तीही 'एत्र' आणि 'आव्वार'मध्येच. 'ईल सों' म्हणजे ते आहेत. 'ईल्झों' म्हणजे त्यांच्याजवळ आहे. सारा फरक 'स' आणि 'झ'चा. मुलाला सांगा, पाठ फिरवून यातलं एक म्हण, आणि तुम्ही ओळखा. त्याच्या जोडीला 'ईल वों' आणि 'ईल फों', म्हणजे जातात आणि करतात. 'ते'साठी शेवटी 'ओं' ऐकू येणारी वर्तमानकाळी रूपं ही चारच. तसंच 'वू'ला बहुतेक सगळीकडे शेवटी 'ए' ऐकू येतो, अपवाद फक्त तीन: 'वूझेत', 'वू फेत' आणि सांगणे या क्रियापदाचं 'वू दीत'. गणिताच्या शिक्षिकेला असे अपवाद मोजून दिले की बरं वाटतं, म्हणून सांगितले.

'ज वो' म्हणजे मला हवंय. हे घरात ठीक, पण दुकानात उद्धट वाटतं. तिथे 'ज वूद्रे' म्हणा, 'मला हवं होतं' अशा अर्थाचं. त्याचं व्याकरण आत्ता नको, अख्खा शब्द उचला. आणि दुकानात शिरताच आधी 'बोंजूर' म्हणा, मग काम सांगा. त्याशिवाय केलेली मागणी तिकडे खरंच खटकते.

आता मुलाबद्दल. तुम्ही त्याच्यासमोर बोलायचं टाळता, हे वाचून मला वाईट वाटलं, कारण तुमच्या घरातला सर्वांत चांगला शिक्षक तोच आहे. तो पटकन बोलतो याचं एक कारण बहुधा हे, की तो तक्ता न पाहता नुसतं ऐकतो. त्याला तुमचा परीक्षक करा. रात्री भांडी आवरताना त्याने 'वू'ने विचारायचं, तुम्ही 'ज'ने उत्तर द्यायचं, उलटसुलट, कुठूनही, पंधरा मिनिटं. मग अदलाबदल. तुम्ही त्याला 'त्यू'ने विचारा, आपलं 'तू'च आहे ते, आणि तिकडची मुलं आई-बाबा दोघांनाही 'त्यू' म्हणतात. तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर त्याने उत्तर सांगून पुढे जायचं, आणि तुम्ही त्यावर रेंगाळायचं नाही. पाढे म्हणून घेताना तुम्ही अडलेल्या मुलाला रागावत नाही. त्याच मायेने स्वतःकडे पाहा. तिकडे गेल्यावर तो शाळेत दिवसभर फ्रेंच ऐकेल, नव्याने आलेल्या मुलांसाठी अनेक शाळांत भाषेचे वेगळे तासही असतात. तुम्हाला तसा दिवस आयता मिळणार नाही. म्हणून हे चार महिने त्याच्यापेक्षा तुमच्यासाठी जास्त मोलाचे आहेत.

दिवसा एकट्या असाल तेव्हा हाताने जे करताय ते तोंडाने बोला. 'ज फे ला क्वीझीन.' 'ज शेर्श ल सेल', मीठ शोधतेय. 'ईल फो पार्तीर.' 'जे फें', मला भूक लागली. हे बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि आठवड्याने ऐका. न आठवलेला शब्द मराठीत घाला, वाक्य थांबवू नका. क्रियापद फ्रेंच असलं की वाक्य फ्रेंचच राहतं.

भूतकाळाच्या वर्गाला जा. नक्की जा. तिथे गेल्यावर तुम्हाला कळेल की बोलण्यातला फ्रेंच भूतकाळ या दोनच वर्तमानकाळी क्रियापदांवर उभा आहे. 'जे'च्या पुढे एक शब्द ठेवला की झाला भूतकाळ: 'जे माँजे', मी खाल्लं. आणि जाणं-येणं असलं की 'ज स्वी': 'ज स्वी झाले', मी गेले. तुम्ही 'गेले' आणि मिस्टर 'गेलो' म्हणतात, तो भेद तिथे लिहिताना दिसतो. म्हणजे 'एत्र' आणि 'आव्वार'च्या त्या दोन जोड्यांचा सराव त्या वर्गात आपोआप होत राहील. आणि बाईंनी 'वूझावे माँजे?' असं विचारलं, तर ते आपलं 'जेवलात का?' आहे. त्यात 'वूझावे' ऐकू आलं की 'जे' तुमच्या ओठांवर असेल. 'वी, जे माँजे.'